पॉलीहाऊसची काकडी दुपारी मान टाकायलीय, पाणी वाढवून बी फरक नाही. काय करावं?

औशाचा_शेतकरी (६ मार्च, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. औशाजवळ माझं १० गुंठ्याचं पॉलीहाऊस हाय. संक्रांत झाली की तिसऱ्या दिवशी बिनबियाच्या काकडीची २४०० रोपं लावली, बेडवर दोन ओळी झिगझॅग. पहिला महिना पीक असं होतं की शेजारचे मुद्दाम बघायला यायचे, पानं तळहाताच्या दीडपट आणि वेल दोरीला सरसर चढायलते. ३८ व्या दिवशी तोडा चालू झाला, पहिले चार तोडे एकदम सरळ, हिरवागार माल निघाला. आज ४८ दिवस झालेत. आठ दिवसापासून दुपारी १२ वाजले की वेल मान टाकायलेत, पानं छत्री मिटल्यावानी खाली लोंबतात, संध्याकाळी ऊन उतरलं की परत ताठ. सगळीकडं नाही, मधल्या तीन बेडवर जास्त, कडंच्या बेडवर कमी.

मला वाटलं पाणी कमी पडायलंय, म्हणून रोपाला दिवसाला दीड लिटर द्यायचो ते तीन लिटर केलं. उलट वाढलंच. खालची पानं पिवळी पडायलीत, शेंड्याची पानं बारीक निघायलीत, कळी पिवळी पडून गळायलीय आणि जी काकडी येतीय ती वाकडी, देठाकडं बारीक आणि टोकाला फुगलेली. दुकानदाराला फोटो दाखवले तर त्यानं तीन वेळा औषध दिलं, एकदा बुरशीचं, एकदा टॉनिक, एकदा दोन्ही मिळून. ४२०० रुपये गेले, फरक शून्य.

बाकी माहिती: माती तीन वर्षापूर्वी बाहेरून आणलेली लाल माती. ह्याच्या आधी ह्याच बेडवर शिमला मिरची होती. शेततळ्याचं पाणी तळाला गेलंय म्हणून बोअरचं मिसळून देतोय. लाईट ह्या आठवड्यात रात्रीची हाय, त्यामुळं पाणी रात्रीच सोडतोय.

जूनला बँकेचा हप्ता हाय आणि सगळी आशा ह्याच पिकावर. कुणाला असा अनुभव असंल तर सांगा.

परभणी_शेडनेट (६ मार्च, रात्री १०:०५)

दादा ऊन वाढलंय. काकडीला दिवसा २५ ते ३० डिग्री लागतं, ३५ च्या वर गेलं की ती ताण घेतेच. वरून ५० टक्क्याचं शेडनेट सकाळी १० ला ओढा, दुपारी फॉगर (पाण्याचं धुकं उडवणारे नोझल) मिनिट-दीड मिनिट चालवून बंद करा, बाजूचे पडदे पूर्ण वर. आमच्याकडं एवढ्यावर भागलं होतं.

औशाचा_शेतकरी (६ मार्च, रात्री १०:२०)

शेडनेट हाय भाऊ, ओढतो बी. पण ऊन तर सगळ्या बेडवर सारखंच पडतंय ना, मग मधले तीनच बेड कामून?

जालन्याची_ताई (६ मार्च, रात्री ११:१०)

दादा तुमच्या ह्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर हाये. उद्या सकाळी दुसरं काहीच करू नका, फवारणी नको, टॉनिक नको, खत पण नको. जे झाड सगळ्यात जास्त मान टाकू राह्यलं ते एक उपटा. उपटा म्हणजे हाताला धरून ओढायचं नाही, ओढलं तर बारीक मुळ्या तुटून मातीतच राहतात आणि जे बघायचं तेच दिसत नाही. खुरप्यानं चारी बाजूंनी वीतभर माती मोकळी करायची, ढेकूळासकट उचलायचं आणि बादलीभर पाण्यात दहा मिनिट बुडवून ठेवायचं. माती आपोआप सुटते. मग मुळी तळहातावर घेऊन उजेडात बघा.

मुळीवर गाठी दिसल्या तर तो निमॅटोड हाये, आपल्या भाषेत सूत्रकृमी. आता तुम्ही लातूरकडचे म्हणजे सोयाबीन, हरभरा आयुष्यभर बघितला असंल, त्याच्या मुळीवर पण गाठी असतात, तर गोंधळ होऊ देऊ नका. सोयाबीनची गाठ मुळीच्या कडेला चिकटलेली असते, नखानं टचकन निघते आणि फोडली तर आतून गुलाबी. ती चांगली गाठ, नत्र देणारी. निमॅटोडची गाठ निघत नाही, ती मुळीच सुजलेली असते, काढायला गेलं तर मुळी तुटते. काकडीला चांगली गाठ नसतेच, त्यामुळं काकडीच्या मुळीवर गाठ दिसली की ती वाईटच समजायची.

मी हे इतकं सांगू राह्यले कारण माझं एक अख्खं पीक असंच गेलं. मी पण पानाकडंच बघत बसले होते. पान पिवळं झालं की फेरस म्हणजे लोह, वाकडी काकडी आली की बोरॉन, कळी गळली की अजून काही, आणि मुळी मी पीक संपल्यावर बघितली. त्या दिवशी बांधावर बसून रडले मी. तेव्हापासून दर पंधरा दिवसाला एक झाड मुद्दाम उपटते, कितीही चांगलं पीक असलं तरी. एका झाडाचं नुकसान झालं तर होऊ दे.

औशाचा_शेतकरी (७ मार्च, सकाळी ८:१५)

ताई, तुम्ही सांगितल्यासारखंच केलं. मधल्या बेडवरचं एक आणि कडंच्या बेडवरचं एक असे दोन झाड काढले. बायकोनं बादलीत धुतले. मधल्या बेडवरची मुळी बघून आम्ही दोघं बी गप्पच झालो. बारीक पांढरी मुळी जवळपास नाहीच, जी हाय ती आल्याच्या कुडीसारखी गाठाळ, एकाला एक जोडून माळ ओवल्यावानी गाठी, काही तर बोराएवढ्या. नखानं काढून बघितलं, निघत नाही, मुळीच तुटती. कडंच्या बेडवरच्या झाडाला पण हायत पण बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, आणि पांढऱ्या मुळ्या अजून बऱ्याच हायत.

म्हणजे मी आठ दिवस जे पाणी ओतायलो ते प्यायला मुळीच नव्हती. आता पुढं काय करू?

जुना_माळकरी_बीड (७ मार्च, सकाळी ९:००)

आमच्या वडलांच्या काळापासून ह्याला एकच औषध, फोरेट. दाणेदार मिळायचं, बेडवर मुठीनं फेकायचं आन पाणी सोडायचं. कुठं मिळालं तर टाका, आठ दिवसात गार.

कृषी_पदवीधर_नांदेड (७ मार्च, सकाळी ९:३५)

माळकरी काका, मान ठेवून सांगतो, फोरेट आता नको. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अतिशय विषारी आहे, आणि काकडी म्हणजे एक दिवसाआड तोडायचं पीक, लोक सालासकट कच्ची खातात, लहान पोरं खातात. कुणाच्या गोडाऊनला जुनी पिशवी पडलेली असली तरी वापरू नका. तोडा चालू असताना निमॅटोडचं कुठलंच रासायनिक औषध दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावरून सोडू नका. लेबलवर काकडी लिहिलंय का आणि फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते वाचायचं, तेवढे दिवस थांबता येणार नसेल तर तो विषय सोडून द्यायचा.

आता औशाचे दादा, तुमच्याकडे. आधी काय झालंय ते नीट समजून घ्या म्हणजे पुढचं पटेल. हा किडा डोळ्याला दिसत नाही. मातीतली पिल्लं कोवळ्या मुळीच्या टोकातून आत शिरतात, आत एका जागी बसतात आणि त्यांच्यामुळं मुळीच्या पेशी फुगून गाठ होते. गाठीमुळं पाणी आणि अन्न वर जायची वाटच बंद होते. मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते आणि आपल्याकडच्या उबदार मातीत साधारण महिन्याभरात एक पिढी पूर्ण होते. तुमचं पीक पहिला महिना झकास आणि दीड महिन्याला बसलं, ते ह्यामुळंच. सकाळ-संध्याकाळ जेवढं पाणी लागतं तेवढं उरलेली मुळी पुरवते, दुपारी मागणी वाढली की तिला झेपत नाही, मग वेल मान टाकतो. शिमला मिरचीला पण हा लागतो, म्हणजे तो आधीपासून तुमच्या बेडमध्ये वाढतच होता. माती आणली तिच्यातून आला असेल किंवा रोपाच्या मुळीतून, आता ते शोधून उपयोग नाही.

एक झाड देठाजवळ उभं चिरून पण बघा. आतून तपकिरी रेषा दिसली तर मर रोगाची बुरशी पण शिरलीय, कारण निमॅटोडनं केलेल्या जखमेतून तिला आयती वाट मिळते. तसं झाड संध्याकाळी पण उठत नाही. तुमची उठतात म्हणजे बहुतेक अजून तिथपर्यंत गेलेलं नाही.

मधले तीन बेड सोडून द्या. मन होणार नाही पण सोडा. झाडं खुरप्यानं मुळासकट काढा, पोत्यात भरा, बाहेर नेऊन वाळवून जाळा. उकिरड्यावर टाकू नका, ते खत होऊन परत तुमच्याच बेडवर येईल. ज्या खुरप्यानं ते बेड हलवले ते धुतल्याशिवाय दुसऱ्या बेडवर न्यायचं नाही, पायातली चप्पल पण. आणि काम करायचा क्रम बदला, आधी चांगले बेड, शेवटी खराब.

कडेच्या बेडवरची झाडं चार-सहा आठवडे ओढता येतील. वेलावरचा भार कमी करा, वाकडी आणि फुगलेली सगळी फळं लहान असतानाच काढून टाका, ती पोसून काही मिळत नाही. खालची पिवळी पानं काढा. मग वेल थोडा खाली उतरवून देठाच्या बुडाशी ओलं गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत चार बोटं लावा, काकडीला देठावर नवीन मुळ्या फुटतात. त्या नव्या मुळ्यांवर झाड तग धरतं. खत कायम ओलसर पाहिजे पण चिखल नको, नाहीतर देठ सडतो. पॅसिलोमायसिस आणि ट्रायकोडर्मा ड्रीपमधून सोडा, पण संध्याकाळी, आणि त्याच्या आगेमागे आठ दिवस बुरशीनाशक ड्रीपमधून द्यायचं नाही, कारण ह्या पण बुरश्याच आहेत, आपणच आणून आपणच मारायच्या असं होतं.

पाण्याबद्दल सांगायचं तर तीन लिटर एकदम देणं बंद करा, रात्री तर नकोच. रात्री झाड पाणी पीत नाही, मुळ्या गुदमरतात. लाईट रात्रीची असेल तर रात्री टाकी भरून ठेवा, टाकी उंचावर घेऊन दिवसा त्यातून सकाळी ८ ते दुपारी ४ पर्यंत पाच-सहा वेळा थोडं थोडं सोडा. आणि बोअरचं पाणी तपासा. काकडीला पाण्याचा ईसी, म्हणजे क्षाराचं माप, दीड-पावणेदोनच्या वर गेला की उत्पन्न घटायला सुरुवात होते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बोअर खाली गेला की क्षार वाढतात हे काही नवीन नाही. परभणीच्या विद्यापीठात किंवा जवळच्या केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) माती-पाणी दोन्ही तपासून घ्या.

औशाचा_शेतकरी (७ मार्च, दुपारी २:५०)

सर लई उपकार. देठ चिरून बघितला, आतून स्वच्छ हिरवा-पांढराच हाय. तीन बेडचं मात्र काळीज तुटायलंय, ९०० झाडं हायत त्यात. पण तुम्ही म्हणता तसं करतो.

एक विचारायचं राहिलं. कडंच्या बेडवर शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसायलंय. ते बी निमॅटोडमुळंच का? फेरस दिलं होतं मी, काही झालं नाही.

कृषी_पदवीधर_नांदेड (७ मार्च, दुपारी ३:३०)

नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाहीये. मातीत लोह नसतं असं नाही, बोअरच्या पाण्यानं मातीचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की ते मुळीला उचलता येत नाही. तुम्ही दिलेलं फेरस बहुतेक ईडीटीए प्रकारचं असेल, ते साडेसहाच्या वर सामू गेला की टिकत नाही. ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, महाग आहे पण चुनखडीच्या मातीत तेच चालतं. आणि ड्रीपच्या पाण्याचा सामू सहा-साडेसहापर्यंत आणा. त्यासाठी आधी एका बादलीत थेंबाथेंबानं अ‍ॅसिड टाकून किती लागतं ते मोजा, मग टाकीचा हिशोब करा. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात टाकायचं, अ‍ॅसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि पोरांना लांब ठेवा.

अजून एक, कॅल्शियम नायट्रेट देत असाल तर त्या टाकीत ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचं खत किंवा मॅग्नेशियम सल्फेट मिसळू नका. दह्यासारखं फाटतं आणि ड्रीपर बंद होतात. वेगळ्या दिवशी द्या.

परभणी_शेडनेट (७ मार्च, संध्याकाळी ६:१०)

मी काल ऊन म्हणालो ते चुकलं. दादाचं वाचून आज माझ्या पण शेडनेटमधलं एक झाड काढून धुतलं. मुळी पांढरी स्वच्छ निघाली, जीव भांड्यात पडला. पण बघायची सवय आपल्याला नाहीच हे खरं.

गेवराई_काकडी (७ मार्च, रात्री ९:२५)

आता पुढच्या पिकाचं मी सांगतो कारण ह्यातून मी दोनदा गेलोय. मे महिना आपला खरा डॉक्टर हाय. आपल्या मराठवाड्यात ४२ डिग्री ऊन पडतंय ते लोकाला त्रास वाटतो पण निमॅटोड मारायला असं ऊन कुठं मिळत नाही. पीक निघालं की बेड खोल खणा, जुन्या मुळ्या हातानं येचून काढा, एक बी ठिवू नका. मग पारदर्शक प्लास्टिक, २५ ते ५० मायक्रॉनचं, काळं आजिबात नाही, बेडवर गच्च अंथरायचं आन कडा मातीनं दाबून टाकायच्या, हवा आत जायला नको. पॉलीहाऊसचे पडदे खाली, दार बंद. पाच-सहा आठवडे हात लावायचा नाही.

पहिल्या वर्षी मी हेच केलं आन काही उपयोग झाला नाही. कारण मी कोरड्या बेडवर प्लास्टिक टाकलं होतं. मला वाटलं ऊनच तर लागतंय, पाणी कशाला वाया घालवू, त्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे होते. पण माती कोरडी असली की उष्णता खाली उतरतच नाही, आन निमॅटोडची अंडी कोरड्या मातीत दडून बसतात. दुसऱ्या वर्षी लॅटरल (ड्रीपच्या नळ्या) प्लास्टिकच्या खालीच ठिवले, आधी बेड पूर्ण भिजवला, मधून एकदा अर्धा तास पाणी सोडलं. हात घातला तर चटका बसायचा इतकी माती तापली. त्यानंतरच्या पिकात ४० व्या दिवशी मुळी बघितली तर तुरळक गाठी, त्या बी बारीक.

आन ट्रायकोडर्मा, निंबोळी पेंड जे काय टाकायचं ते प्लास्टिक काढल्यावर. आधी टाकलं तर त्या उन्हात ट्रायकोडर्मा बी मरतंय. मी कुजलेल्या शेणखतात मिसळून झाडाखाली सावलीत पंधरा दिवस ओलं ठिवतो, रोज गोणपाट भिजवतो, पांढरी-हिरवी बुरशी दिसली की बेडवर टाकतो. १० गुंठ्याला निंबोळी पेंड ३०० किलो.

जालन्याची_ताई (७ मार्च, रात्री १०:००)

गेवराईच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. त्यात माझं एवढंच, हे प्लास्टिक टाकून माती तापवणं, म्हणजे सोलरायझेशन, वीतभरच खाली काम करतं, त्याच्या खालचे वाचतात आणि हळूहळू वर येतात. म्हणून मी त्यानंतर लगेच काकडी, टोमॅटो, मिरची ह्यातलं काही लावत नाही, आधी झेंडू घेते. अख्ख्या बेडवर, कडेला दोन ओळी लावून काही होत नाही, झेंडूची मुळी जिथं जाते तिथंच त्याचं काम. गणपतीत, दसऱ्याला फूल पण विकलं जातं, त्यामुळं जागा रिकामी राहिली असं होत नाही. आणि रोप आणताना ट्रेमधून दोन-चार रोपं बाहेर काढून मुळी बघूनच घ्या, नर्सरीवाला नाराज झाला तरी. मला पहिला निमॅटोड रोपातूनच आला होता, जमिनीवर ट्रे ठेवलेल्या नर्सरीतून. आता कोकोपीटमधली, मांडवावर उंच ठेवलेली रोपंच घेते.

औशाचा_शेतकरी (१९ एप्रिल, संध्याकाळी ७:३०)

मंडळी, दीड महिना लिहिता आलं नाही. सगळ्यांना सांगायचं होतं.

तीन बेड त्याच आठवड्यात काढले. बायको, मी आणि धाकटा भाऊ, दोन दिवस लागले, ९०० झाडं मुळासकट पोत्यात भरून माळावर जाळली. पाण्याचा रिपोर्ट आला, बोअरचा ईसी २.४ आणि सामू ८.३. म्हणजे ते बी होतंच. मग शेजारच्या काकाच्या विहिरीचं गोडं पाणी दोन दिवसाआड टँकरनं आणून मिसळायलो. टाकी लोखंडी स्टँडवर चढवली, दिवसात सहा वेळा पाणी. उरलेल्या १५०० झाडांच्या बुडाशी गांडूळखत लावलं, आठव्या दिवशी खत बाजूला सारून बघितलं तर देठाला पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या, रव्यासारख्या टोकाच्या. ते बघून लई बरं वाटलं.

पहिल्यासारखं पीक आलं नाही, खोटं बोलणार नाही. पण दुपारी मान टाकायचं कमी झालं आणि सरळ काकडी निघाली. लातूरच्या आडतीत त्या मालाला १८ ते २२ रुपये पट्टी लागली. खर्च निघाला, जूनच्या हप्त्यातलं थोडं हातात हाय, बाकीचं तुरीच्या पैशातून भागवतो. त्या दुकानदाराकडं परत गेलो नाही.

आज शेवटचा तोडा केला, ९ कॅरेट. उद्यापासून दोऱ्या सोडायच्या आणि वेल मुळासकट बाहेर. ३० मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक आणून ठेवलंय, बेड भिजवायला पाणी पण राखून ठेवलंय. ताई, झेंडूचं रोप तुम्ही कोणत्या महिन्यात टाकता, जूनच्या सुरुवातीला टाकलं तर दसऱ्यापर्यंत फूल टिकंल का?

जालन्याची_ताई (१९ एप्रिल, रात्री ८:०५)

जूनच्या सुरुवातीला नको दादा, तेव्हा लावलेला दसऱ्यापर्यंत संपून जाईल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बी टाका, तीन-साडेतीन आठवड्यात रोप लावणीला येतं, मग गणपतीच्या शेवटाला नाहीतर पितृपक्षात पहिली फुलं आणि दसऱ्याला भरात. पहिली कळी खुडायला विसरू नका, फांद्या फुटतात. आणि झेंडू काढाल तेव्हा एक झाड धुऊन मुळी बघा आणि इथं फोटो टाका.